डाव्या हाताचा चाकू

आमच्या नर्सरीत एक रीत आहे. नवरा उसना मागितलात तर एखादी देईलही, पण चाकू मागायचा नाही. ज्याचा चाकू त्याच्या खिशात, आणि त्यानं कलमाच्या काडीखेरीज काही कापायचं नाही. फळ नाही, दोरी नाही, पेन्सिलीला टोकसुद्धा नाही. मी नवी होते तेव्हा मेजावर काकांचा चाकू दिसला म्हणून गोणीची सुतळी कापायला उचलला. काकांनी माझं मनगट धरलं. ओरडले नाहीत, ओरडायला तोंड उघडावं लागतं आणि त्याचा त्यांना भारी कंटाळा. चाकू काढून घेतला, मिटला, खिशात टाकला आणि म्हणाले, "दात आहेत ना?" मी ती सुतळी दातांनी तोडली. पुढची कितीतरी वर्षं त्याच मेजाशी बसून मी त्यांची कलमं बांधली.

काका तसे कुणाचेच काका नव्हेत. मूलबाळ नाही, भाऊबंद असतील तर ते लांब आणि विसरलेले. पण नर्सरीतल्या सगळ्यांचे, मालकीणबाईंचेसुद्धा, ते काकाच. त्यांचं काम ऐकायला सोपं होतं. एक मुळांचा खुंट घ्यायचा, चांगल्या झाडाची एक काडी घ्यायची, दोन्हींना एकेक तिरका छेद द्यायचा आणि छेदावर छेद बसवायचा. मग मी वरून पट्टी गुंडाळायची आणि ज्यानं कापलं त्याच्या रंगाचा दोरा बांधायचा. काकांचा दोरा लाल. म्हणजे कुणाची कलमं लागली आणि कुणाची वाळली हे वाफ्याजवळून जाणाऱ्या कुणालाही दिसायचं. लाल दोऱ्याच्या रांगेकडे कुणी मुद्दाम बघायचं नाही, ती हिरवीच असायची.

सगळी करामत त्या छेदात. तो एका ओढीत झाला पाहिजे आणि काचेसारखा सपाट आला पाहिजे. दोन छेदांमध्ये केसभर फट राहिली तरी काडी वाळते. म्हणून कलमाचा चाकू भाजीच्या चाकूसारखा नसतो. भाजीच्या चाकूला दोन्ही अंगांनी उतार देऊन धार काढलेली असते. कलमाच्या चाकूचं एक अंग ठार सपाट, उतार फक्त दुसऱ्या अंगाला. उजव्या हातानं कापणाऱ्याचा उतार उजवीकडे. दगडावर घासायचं ते उताराचं अंग. सपाट बाजू शेवटी नुसती टेकवून घ्यायची. काका रोज संध्याकाळी घराच्या पायरीवर बसून चाकूला धार लावत, आणि काकू शेजारी बसून दगडावर पाणी शिंपडत. संसारात त्यांनी दोघांनी मिळून केलेलं हे एकच काम असेल, बाकी सगळं काकूंनी एकटीनंच केलं.

मग काकांना अर्धांगाचा झटका आला. सकाळी ते म्हणाले, उजवा हात बधिर वाटतोय. काकूंनी तेल चोळलं, म्हणाल्या, पडा जरा, बरं वाटेल. दुपारी उठवायला गेल्या तर तोंड वाकडं झालेलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर. हे वाक्य गिळता येत नाही का या लोकांना? बोलून हात तर परत येत नाही. काकूंनी ते वाक्य घरी आणलं, आणि ते त्यांच्या डोक्यातून कधी गेलं नाही. कुणीही आलं की चहा पुढे ठेवता ठेवता म्हणायच्या, "मीच निजवलं हो त्यांना. मला मेलीला कळलंच नाही."

तोंड सरळ झालं. पाय ओढत का होईना, काका चालू लागले. उजव्या हाताची मात्र मूठ तेवढी वळायची, आपली आपण उघडायची नाही. त्या मुठीत डाव्या हातानं काडी खोचली की ती गच्च धरून ठेवायची. "फुकटचा शिकंजा मिळाला," काका म्हणाले. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून ऐकलेला तो पहिला विनोद, आणि हसू कुणालाच आलं नाही.

डाव्या हाताला शिकवायला त्यांनी महिने घातले. छाटणीच्या काड्यांचे भारे काकू डोक्यावरून घरी न्यायच्या. काका स्वयंपाकघरातल्या चाकूनं त्या तासत बसायचे आणि काकू भुसा झाडत राहायच्या. मी गेले की बघायचे: ओढ हळूहळू सरळ येत होती. हात नवशिक्याचा होता, पण डोकं तेच होतं.

हंगाम जवळ आला तसे ते बाईंना भेटायला गेले. बाई वाईट नाहीत. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही एवढंच, सकाळी कानात सांगितलेलं दुपारी फाटकापर्यंत पोचतं. त्या म्हणाल्या, "काका, या हंगामात कापा. तुमच्या दोऱ्याची कलमं लागली तर मेज तुमचं. नाही लागली तर मात्र मला दुसरा माणूस बसवावा लागेल. तुम्हाला फाटकावर खुर्ची देईन, काढून टाकणार नाही." काकांनी मान हलवली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "खुर्ची देते म्हणे. मी काय पाहुणा आहे?"

आता चाकू हवा होता. काकू पायाच्या दुखण्यानं बसून होत्या, म्हणून मी गेले बरोबर.

सुऱ्याकात्र्यांचं ते दुकान अरुंद, खोल आणि कायम दिवा लावलेलं. दुकानदारानं काचेच्या काउंटरवर हिरवं फडकं पसरलं आणि एकेक चाकू मांडायला लागला. एकात करवत होती, एकात बाटली उघडायचा आकडा, एकाला शेपटीत बॅटरी. मी विचारलं, "यात एखादा स्वयंपाक करणारा आहे का?" दुकानदाराला राग आला. काकांनी सगळे बाजूला सारले आणि खिशातून आपला जुना चाकू काढला. घासून घासून त्याचं पातं निम्मं उरलं होतं.

"असा. पण डाव्या हाताचा."

दुकानदारानं एक साधा पुढे केला. "हा घ्या. दोन्ही अंगांनी धार आहे, कुठल्याही हाताला चालतो."

"म्हणजे कुठल्याच हाताला चालत नाही," काका म्हणाले.

दुसरा दिला, तो एका हातानं उघडेना. पात्याच्या खाचेत नख अडकवून ओढायचं, तर चाकू धरायला दुसरा हात पाहिजे. काकांनी क्षणभर विचार केला आणि खाच दातांत धरली. पातं उघडलं. ओठाच्या कोपऱ्यातून लाळेची एक तार चाकूवर आली. दुकानदार दुसरीकडे बघायला लागला. मला एकदम रडूच आलं, म्हणून मी त्या बॅटरीवाल्या चाकूची किंमत विचारली.

शेवटी दुकानदारानं खालचा खण उपसला. मळक्या कागदात एक चाकू निघाला. "कुणीतरी खास मागवला होता. न्यायला आलाच नाही." काकांनी पातं दिव्याखाली फिरवलं. उतार डाव्या अंगाला. मग उजवं अंग त्यांनी काउंटरच्या काचेवर टेकवलं आणि वाकून, गाल काचेला लावून, पलीकडच्या दिव्याकडे बघितलं. पात्याखालून उजेड दिसला तर अंग सपाट नाही. उजेड दिसला नाही. त्यांनी मलाही बघायला लावलं.

"अंगठ्यानं ढकलता येईल अशी बारीकशी खुंटी बसवून देतो पात्याला," दुकानदार म्हणाला. आता त्यालाही काकांबद्दल काही वाटायला लागलं असावं. "आणि ध्यानात ठेवा, तुमचा जुना ज्या अंगानं घासता त्याच्या उलट घासायचा हा. नाहीतर वाट लागेल."

"ते मला सांगू नका," काका म्हणाले. खरंच, त्यांना सांगायची गरज नव्हती. ज्यांना सांगायला हवं होतं त्या घरी पाय शेकत बसल्या होत्या.

परतीच्या वाटेवर त्यांनी तो चाकू अंगठ्यानं उघडला आणि मिटला, उघडला आणि मिटला. समोरून येणारे लोक बाजूला व्हायला लागले. मी म्हटलं, "काका, आत ठेवा, नाहीतर पोलीस नेतील." त्यांनी ठेवला. पण त्यांच्या सगळ्या पँटींना उजव्या मांडीवर चाकूपुरता अरुंद खिसा होता, काकूंनी शिवलेला. डावा हात पोटावरून तिकडे न्यायचा म्हणजे रस्त्यात कसरतच. घरी गेल्या गेल्या काकूंनी ते पाहिलं. सुई-दोरा काढला आणि प्रत्येक पँटीचा खिसा उसवून डावीकडे बसवला. रात्रीच्या जेवणाला उशीर झाला तरी उठल्या नाहीत.

कलमं सुरू व्हायच्या आदल्या दिवशी काका दुपारी जरा पडले. नव्या चाकूची कारखान्याची धार त्यांना पसंत नव्हती. दगड लाकडी चौकटीत घट्ट बसवून एका हातानं घासायचा त्यांचा बेत होता, चौकट तयार होती. पण ते उठले तेव्हा चाकू उशाशी मिटून ठेवलेला आणि काकूंचे हात ओले. "मी लावली धार," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं शेजारी बसून बघत्येय, मला येत नाही होय?" काकांनी पातं मनगटावरून फिरवलं, केस साफ निघाले. "झकास," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी काकूंनी हे मला स्वतः येऊन सांगितलं, आणि सांगताना त्यांचा चेहरा असा फुलला होता की मला वाटलं, सुटल्या बाई त्या डॉक्टरच्या वाक्यातून.

मग आम्ही मेजाशी बसलो. काका मुठीत काडी खोचायचे, डाव्या हातानं ओढायचे आणि माझ्याकडे सरकवायचे. पूर्वीपेक्षा फार हळू. छेद थोडा उचललेला वाटायचा, काडी खुंटावर जराशी डुगडुगायची. मी पट्टी अंमळ जास्त आवळायची. दोघांनाही वाटलं, डाव्या हाताचं काम आहे, एवढं चालायचंच. आपला चाकू हातात कसा लागतो हे उजव्या हाताला ठाऊक होतं. डाव्याला काय ठाऊक असणार? त्याच्या वाट्याला हा पहिलाच चाकू.

काही आठवड्यांनी वाफ्यात काड्यांना हिरवे डोळे फुटायला लागले. निळ्या दोऱ्याच्या रांगेत फुटले, पिवळ्याच्या रांगेत फुटले. लाल दोऱ्याच्या रांगेत काड्या आधी तपकिरी झाल्या आणि मग सुरकुतल्या. काका रोज त्या रांगेजवळ उभे राहायचे. बाकीचे पाणी घालणारे, गवत काढणारे तिथून जाताना बोलणं थांबवायचे. मला त्या सगळ्यांना एकेक ठेवून द्यावीशी वाटायची. दुसऱ्याच्या दुःखाजवळून पाय न वाजवता जाणं ही सभ्यता कुणी काढली कोण जाणे.

एका सकाळी काकांनी एक मेलेलं कलम उपटलं, शेडमध्ये आणलं आणि मला पट्टी सोडायला सांगितली. छेद उघडा पडला. त्याला मधोमध फुगवटा होता. कडा टेकल्या नव्हत्या, पोटच तेवढं टेकलं होतं. काकांनी त्यावर अंगठा फिरवला. मग काहीतरी सुचल्यासारखं त्यांनी खिशातून चाकू काढला, शेडच्या खिडकीपाशी गेले आणि पात्याचं उजवं, सपाट अंग काचेवर टेकवून वाकले.

बराच वेळ ते तसेच वाकून होते. मी जवळ जाऊन बघितलं. पात्याखालून उजेड येत होता.

मी पातं हातात घेतलं. सपाट अंगाला, धारेलगत, नवा कोरा उतार घासलेला होता. छान, एकसारखा, मन लावून केलेला. काकांच्या जुन्या चाकूला असायचा तसाच आणि त्याच अंगाला. खिसा काकूंनी डावीकडे आणला होता, धार मात्र उजवीकडेच राहिली होती.

"हा भाजीचा चाकू झाला," मी म्हटलं. "काका, तुमचा हात नाही हो चुकला! हात चांगला आहे तुमचा. चला आत्ताच्या आत्ता बाईंकडे."

काकांनी चाकू माझ्या हातातून घेतला आणि मिटला. "काय सांगणार?"

"जे झालं ते. धार उलटी लागली म्हणून."

"कुणी लावली विचारतील."

"विचारू देत. काकूंनी काय मुद्दाम केलं?"

"बाईंना आत्ता सांगितलं की संध्याकाळपर्यंत तिच्या कानावर." त्यांनी ते मेलेलं कलम कचऱ्याच्या टोपलीत टाकलं. "एक ओझं आहे तिच्या डोक्यावर. तेच उतरत नाही. हे आणखी कुठे ठेवू?"

"मग तुम्ही फाटकावर बसणार? दुसऱ्याच्या चुकीपायी?"

"हात गेला म्हटलं की कुणी काही विचारत नाही," काका म्हणाले. "सोपं आहे."

मी भांडले. म्हटलं, मी सांगते, तुम्ही गप्प बसा, तुम्हाला सवय आहे. म्हटलं, पुढच्या हंगामापर्यंत पातं सपाट करून घ्या. ते म्हणाले, पुढच्या हंगामात त्या मेजाशी दुसरा माणूस असेल, बाईंनी शब्द पाळायला नको का? मी म्हटलं, असली माया काय कामाची! त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "तू बोलायचं नाही. कधीच." आणि माझं मनगट धरलं. डाव्या हातानं. पकड चांगली होती.

तेवढ्यात काकू डबा घेऊन आल्या. वाफ्यावरूनच आल्या होत्या, म्हणजे लाल दोरे त्यांनी पाहिले होते. काकांच्या तोंडाकडे बघत त्यांनी विचारलं, "नाही ना लागली?"

"हात बसला नाही," काका म्हणाले.

काकूंनी डबा खाली ठेवला आणि त्यांची ती वळलेली मूठ आपल्या दोन्ही हातांत घेतली. मी बाहेर जाऊन रिकाम्या कुंड्या उगाच एकात एक घालत बसले.

फाटकावरची खुर्ची काकांनी घेतली नाही. बाईंनी आग्रह केला, डोळ्यांत पाणी आणलं आणि आठवड्यात मेजाशी नवा माणूस बसवला. त्याबद्दल तरी त्यांना दोष कसा द्यायचा? त्यांना जे दिसलं त्यावरून त्या वागल्या. नव्या माणसाला मी हिरवा दोरा दिला. लाल रीळ मी माझ्या पिशवीत ठेवलं आहे, ते कुणाला मिळणार नाही.

परवा मी त्यांच्याकडे गेले होते. काका स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते, मूठ मांडीवर. आता त्यांना सगळा वेळ मोकळा आहे आणि तो कुठे ठेवावा हे त्यांना समजत नाही. काकू शेंगा चिरत होत्या. हातात तोच चाकू, पात्यावर अंगठ्याची ती बारीकशी खुंटी.

"बघ तरी धार," काकू मला म्हणाल्या. "दर आठवड्याला लावते, अजून चुकत नाही. त्यांच्या कामाला नाही आला, भाजीला तर येतो." मग आवाज खाली आणून, पण त्यांना ऐकू जाईल इतपत, म्हणाल्या, "चाकूला धार दिली गं मी. हात कुठून आणून देऊ?"

मी सांगायला तोंड उघडलं. मी काकांकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते. नुसते बघत होते, मनगट न धरता.

"धार चांगलीच होती," ते काकूंना म्हणाले. "तुझी काही चूक नाही."

काकूंनी डोळे पदराला पुसले, आणि उरलेल्या शेंगा माझ्यापुढे सरकवून चाकू माझ्या हातात दिला. मी चिरायला बसले. चाकू सुरेख कापत होता.